ऐकण्याचा खर्च



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते ख्यालगायकीचे जाणकार. त्यांच्या नावाच्या सभेत इंडी बँड, गिटार आणि खरखरणाऱ्या कॅसेटी यांवर बोलायचं म्हटल्यावर संयोजकांपैकी एकदोघांच्या भुवया वर गेल्या. तरी मी विषय बदलला नाही. ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा गवयाला आधी आपण ऐकायचं आणि मग चार लोकांना ऐकवायचं, हा सरांचा उद्योग होता. त्याच उद्योगाची दुसऱ्या मुलखातली गोष्ट मी सांगणार आहे.

नवं संगीत करायला खर्च येतो, ते छापायला आणि पोचवायला खर्च येतो. या खर्चांविषयी पुष्कळ बोललं जातं. अनोळखी माणसाचं अनोळखी गाणं ऐकायलाही खर्च येतो, आणि त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. तो कोण करतो, एवढंच आज मला विचारायचं आहे.

सुरुवात मँचेस्टरपासून करू. २८ डिसेंबर १९७६ रोजी बझकॉक्स नावाच्या बँडनं तिथल्या एका स्टुडिओत चार गाणी ध्वनिमुद्रित केली. भांडवल ५०० पौंड, तेही मित्रांकडून आणि बँडमधल्या एकाच्या वडिलांकडून उसनं आणलेलं. ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची ती छोटी रेकॉर्ड जानेवारी १९७७च्या अखेरीस निघाली. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या आणि त्या विकल्या जातील अशी त्यांनाही खात्री नव्हती. पुढे त्या रेकॉर्डच्या सोळा हजारांच्या आसपास प्रती खपल्या. वेष्टनावर या पोरांनी कोणतं गाणं कितव्या ‘टेक’ला झालं आणि नंतर त्यावर काय चढवलं, हे छापलं होतं. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पॉलिटी या लंडनच्या बँडनं एक पाऊल पुढं टाकलं आणि स्टुडिओचं भाडं किती, छपाई किती, लेबलं किती, असा सगळा जमाखर्चच वेष्टनावर दिला. वेष्टन वाचणाऱ्याला आपोआप कळत होतं की हे आपल्यालाही परवडेल. हजारो मुलांनी ते वाचलं आणि उसनवारी सुरू केली.

मग विक्रीचा प्रश्न आला. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६मध्ये ‘रफ ट्रेड’ हे दुकान काढलं होतं. तिथं अशा रेकॉर्डी ठेवून घेत, टपालानं बाहेरगावी पाठवत, आणि पुढे देशभरातल्या तशाच दुकानांशी मिळून त्यांनी वितरणाचं एक जाळं विणलं. जानेवारी १९८०मध्ये ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, रेकॉर्डींची वेगळी विक्रीयादी छापायला सुरुवात झाली. पहिल्या यादीत अग्रस्थानी होतं स्पिझएनर्जी या बँडचं ‘व्हेअर्स कॅप्टन कर्क?’. या यादीत शिरण्याची अट मोठी मजेशीर होती. ती संगीताबद्दल नव्हतीच. रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणसाखळीबाहेरून दुकानात आली पाहिजे, एवढीच अट. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगची चकचकीत नाचगाणी याच यादीच्या शिखरावर जाऊन बसली, कारण तिची कंपनी वितरणाच्या हिशेबानं स्वतंत्र होती. खऱ्याखुऱ्या इंडीवाल्यांनी कपाळाला हात लावला. मला मात्र ती रोकडी अट आवडते. आज इंडी म्हटलं की उदास आवाज, थोडी दाढी आणि पाठीमागं एक गिटार असं चित्र उभं राहतं. त्यापेक्षा माल कुठल्या ट्रकमधून आला हे विचारणं अधिक प्रामाणिक होतं.

तर करणं स्वस्त झालं, पोचवणं जमू लागलं. आणि इथंच खरी अडचण उभी राहिली. दर आठवड्याला डझनावारी नव्या रेकॉर्डी, पोतीभर कॅसेटी. दुकानात येणारा माणूस खिशातले पैसे कशावर टाकणार? कुणीतरी आधी ऐकून सांगायला हवं.

ते काम ज्यानं सर्वांत जास्त वर्षं केलं तो जॉन पील. मूळ आडनाव रॅव्हन्सक्रॉफ्ट, जन्म १९३९चा. साठच्या दशकात तो अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया इथल्या रेडिओंवर भटकला. १९६७मध्ये परतला आणि भर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या चोरट्या ‘रेडिओ लंडन’वर मध्यरात्री गाणी लावू लागला. सरकारनं कायदा करून ती जहाजं बंद पाडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस बीबीसीनं तरुणांसाठी ‘रेडिओ वन’ सुरू केलं. पील पहिल्या दिवसांपासून तिथं होता. ऑक्टोबर २००४मध्ये पेरू देशात हृदयविकारानं वारला तोवर तिथंच होता. सदतीस वर्षं.

या सदतीस वर्षांत त्याच्या कार्यक्रमासाठी दोन हजारांहून अधिक बँड आणि कलावंतांनी मिळून चार हजारांवर ध्वनिमुद्रण-सत्रं केली. त्यांना ‘पील सेशन्स’ म्हणतात. बँडनं सकाळी लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत यायचं, बीबीसीचा ध्वनिमुद्रक तयार असायचा, एका दिवसात साधारण चार गाणी करायची आणि युनियनच्या दरानं मानधन घेऊन घरी जायचं. पुष्कळ पोरांना आयुष्यात पहिल्यांदा नीट लावलेला मायक्रोफोन दिसला तो तिथं. काहींना गाण्याचे पहिले पैसेही तिथंच मिळाले.

ही सत्रं सुरू का झाली ते समजून घेण्याजोगं आहे. नव्यांना संधी द्यावी असा कुणाचा उदात्त विचार त्यामागे नव्हता. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी किती तास छापील रेकॉर्डी वाजवता येतील यावर मर्यादा होती. त्याला ‘नीडल टाइम’ म्हणत. रेकॉर्डींनीच तास भरले तर वादकांच्या पोटावर पाय येईल, ही युनियनची भीती. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना बोलावून, पैसे देऊन, नव्यानं वाजवून घ्यावं लागे. १९८८पर्यंत ही मर्यादा टिकली. म्हणजे जगातल्या स्वतंत्र संगीताचा हा अमोल ठेवा निर्माण झाला तो एका कामगार-कराराच्या अडचणीतून. आणि खर्च कुणाचा? बीबीसीसाठी लोक भरतात त्या परवानाशुल्काचा. ब्रिटनमधला जो माणूस ‘द फॉल’सारख्या कर्कश बँडचं नाव ऐकून कानावर हात ठेवील, त्याच्याही खिशातून त्या बँडच्या चोवीस सत्रांचा खर्च झाला. स्वातंत्र्याच्या घोषणा देणारं हे संगीत एका सार्वजनिक संस्थेच्या अंगाखांद्यावर वाढलं, हे इंडीच्या इतिहासात जरा दबक्या आवाजात सांगितलं जातं. मला ते मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

संस्थेला पीलचं फार प्रेम होतं असंही समजू नका. त्याचे तास कापले गेले, वेळा फिरवल्या गेल्या, कार्यक्रम रात्री उशिरा ढकलला गेला. त्याचा निर्माता जॉन वॉल्टर्स वरच्यांशी भांडायचं काम करायचा आणि पील ऐकायचं. ही श्रमविभागणी चांगली होती. समीक्षकाला असा एक वॉल्टर्स लागतोच.

आता पीलच्या ऐकण्याकडे येऊ. त्याच्याकडे टपालानं कॅसेटींचा पाऊस पडे. तो सफोकमधल्या खेड्यात राहायचा, लंडनला मोटारीनं ये-जा करायचा, आणि त्या प्रवासात कॅसेटी ऐकायचा. घरी एलपींचा प्रचंड संग्रह, त्याची टंकलेखित कार्डं. कार्यक्रमात एका गाण्यानंतर दुसरं कुठलं येईल याचा अंदाज कुणाला नसे. गोंगाटी गिटारच्या मागोमाग जमैकाचा रेगे, मग झिम्बाब्वेचे भुंडू बॉइज, मग पूर्वी कधीच न ऐकलेल्या गावाहून आलेली पोरं. कधी रेकॉर्ड चुकीच्या गतीनं लागे, मग माफी मागून पुन्हा पहिल्यापासून. बोलणं सपाट, थोडं विनोदी. बँड कुठल्या गावचा, टेप कशी पोचली, रेकॉर्ड हवी असेल तर कुठल्या पत्त्यावर लिहा, एवढं तो सांगे. ‘थोर’, ‘युगप्रवर्तक’ असले शब्द त्याच्या तोंडी क्वचित.

बिली ब्रॅगचा किस्सा इथं सांगायलाच हवा, कारण त्यात बिर्याणी आहे. १९८३मध्ये हा नवखा गायक एकटाच गिटार घेऊन हिंडत होता. एका संध्याकाळी रेडिओवर पील म्हणाला की आत्ता कुणी मशरूम बिर्याणी आणली तर काय बहार येईल. ब्रॅग बिर्याणी आणि आपली नवी रेकॉर्ड दोन्ही घेऊन बीबीसीच्या दारात हजर. पीलनं रेकॉर्ड लावली, आणि अर्थातच चुकीच्या गतीनं लावली. नंतर त्यानं स्पष्ट केलं की बिर्याणी नसती तरी गाणं लागलंच असतं. मला वाटतं हे खरं असावं. नव्या बँडांना सल्ला म्हणून मात्र मी हा किस्सा सांगत नाही. आमच्याकडे समीक्षक थोडे आणि भूक मोठी आहे.

दुसरी गोष्ट उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावची. १९७८. तिथल्या अंडरटोन्स या पोरांनी बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या रेकॉर्डच्या दुकानानं काढलेल्या चिमुकल्या लेबलसाठी चार गाणी केली. त्यातलं ‘टीनेज किक्स’ पीलला इतकं आवडलं की त्यानं ते रेडिओवर लागोपाठ दोनदा लावलं. अमेरिकन ‘साइर’ कंपनीचे सीमोर स्टाइन तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांच्या कानावर ते रेडिओवरूनच पडलं आणि पोरांना करार मिळाला. अशा कहाण्या सगळ्यांना आवडतात: एका रात्रीत नशीब उघडलं, वगैरे.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पल्पची कहाणी. शेफील्डचा शाळकरी जार्व्हिस कॉकर यानं १९८१मध्ये पील त्याच्या गावी आला असताना हातात एक कॅसेट ठेवली. पीलनं ती खरोखरच ऐकली. त्याच नोव्हेंबरात पल्पचं सत्र झालं. त्यानंतर? काही नाही. माणसं आली-गेली, बँड मोडता मोडता राहिला, रेकॉर्डी निघाल्या आणि पडून राहिल्या. दुसरं सत्र झालं १९९३मध्ये, आणि त्यानंतर पल्प ब्रिटनमधल्या सर्वांत गाजलेल्या बँडांपैकी एक झाला. मधली बारा वर्षं ऐकणाऱ्याचा अंदाज फसला होता की बरोबर होता? या प्रश्नाला अर्थ नाही. पीलनं १९८१मध्ये भाकीत केलंच नव्हतं. समोरची चार गाणी ऐकण्याजोगी आहेत, एवढंच त्यानं म्हटलं होतं, आणि ती होती. नव्या संगीताच्या समीक्षेत भविष्य वर्तवण्याची जी खोड आहे, हे उद्याचे अमुक आणि परवाचे तमुक, ती घोड्यांच्या शर्यतीतून आलेली आहे.

पीलची आरती ओवाळून मी थांबणार नाही. एका माणसाच्या कानातून एवढं संगीत जाणं हा धोकाच. त्याच्या ढिगात तळाला राहिलेल्या कॅसेटीचं काय झालं? त्याला न आवडणाऱ्या प्रकाराचं काय? उपाय म्हणून आपण पुढच्या काळात काय केलं, ते बघा.

१९९०च्या दशकाच्या मध्यात मिनियापोलिसमध्ये रायन श्रायबर या विशीतल्या तरुणानं ‘पिचफोर्क’ नावाचं प्रकाशन इंटरनेटवर सुरू केलं. पुढे तिथं रोज अनेक परीक्षणं येऊ लागली आणि प्रत्येक अल्बमला शून्य ते दहा असे गुण, तेही दशांशासकट. साडेसात नाही, ७.६. ही दशांशाची अक्कल कुणाची होती मला ठाऊक नाही, पण धंद्याच्या दृष्टीनं ती बिनतोड होती. वाचक परीक्षण न वाचता आकडा वाचू लागला. त्या आकड्यानं काय काय घडवलं? फेब्रुवारी २००३मध्ये टोरांटोच्या ‘ब्रोकन सोशल सीन’ या बँडच्या अल्बमला ९.२ मिळाले आणि ओळखीपाळखीबाहेर न पोचलेला बँड उत्तर अमेरिकाभर पोचला. ती रेकॉर्ड श्रायबरना न ऐकलेल्या ढिगातून उपसताना सापडली होती, म्हणजे ढीग उपसण्याचा खर्च कुणीतरी केला, हे विसरू नका. सप्टेंबर २००४मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या पहिल्या एकल अल्बमला ०.० मिळाले, आणि दुकानं व कॉलेजांची रेडिओ केंद्रं यांनी त्याच्याबाबत हात आखडता घेतला. जुना, चाहते असलेला गायक होता, तरीही. पहिल्याच पावलावरचा कुणी असता तर?

२०२१मध्ये पिचफोर्कनं आपल्या एकोणीस जुन्या परीक्षणांचे गुण बदलले. लिझ फेअरच्या २००३च्या अल्बमचा शून्य सहावर आला, डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’चे ६.४ पुरे दहा झाले. काहींनी याची चेष्टा केली. मला त्यात एक उघड कबुली दिसली, की दशांश हा कानाचा नसून त्या आठवड्याच्या हवेचा असतो. पण गुण बदलले तरी गुण देणं काही सुटलं नाही. त्याआधीच, २०१५मध्ये, कॉन्दे नास्ट या बड्या प्रकाशनगृहानं पिचफोर्क विकत घेतलं होतं, आणि पुढे जानेवारी २०२४मध्ये अनेकांना नारळ देऊन ते ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशन-मासिकाच्या छताखाली नेलं. ढीग उपसणाऱ्यांचा पगार हा हिशेबात सर्वांत आधी दिसणारा खर्च असतो.

मग ऐकायला यंत्र ठेवलं. स्पॉटिफायनं जुलै २०१५मध्ये दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला तीस गाण्यांची स्वतंत्र यादी द्यायला सुरुवात केली. तुमच्यासारखी आवड असलेल्या इतरांनी कुठली गाणी एकत्र ठेवली आहेत हे यंत्र पाहतं आणि त्यांतलं तुम्ही न ऐकलेलं पुढं करतं. त्यातून मला स्वतःला कितीतरी चांगली गाणी मिळाली आहेत; नाक मुरडण्याचं कारण नाही. पण यातली मेख पाहा. जे गाणं काल आलं आणि अजून कुणीच ऐकलेलं नाही, त्याच्याविषयी या पद्धतीकडे सांगण्यासारखं काही नसतं. नाद, लय, सूर यांचं पृथक्करण यंत्र करतं, म्हणजे ते कशासारखं वाजतं एवढं कळतं. आणि कशासारखंच वाजत नाही ते पुन्हा बाहेर. पहिला श्रोता माणूसच लागतो. यंत्र त्याच्या उसनवारीवर जगतं. दिवसाला लाखाच्या आसपास नवी गाणी या मंचांवर येऊन पडतात, आणि २०२४पासून स्पॉटिफायनं नियम केला आहे की बारा महिन्यांत हजारदा न ऐकलेल्या गाण्याला मानधन नाही. १९७७मध्ये बझकॉक्सची उसनवारी फिटायला हजार प्रतींची विक्री पुरणार होती.

आता घराकडे वळू. मुंबईत १९८६मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झाला आणि पुढची अनेक वर्षं धोबीतलावाजवळचं रंगभवन हे त्याचं घर होतं. आमच्या मराठी नाट्यसंगीताच्या आठवणी जिथल्या, तिथंच लांब केसांची पोरं मान झटकत उभी असायची. शेजारी कॉलेज, इस्पितळं. शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथला कर्णा बंद पडला, तो दोघांचाही. १९९३मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद! शिलाँगच्या बँडविषयी चेन्नईच्या मुलाला कळावं ते त्या मासिकातून. सैगल यांनी भारतीय बँडांची संकलनं काढली, ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव भरवला, आणि मुख्य म्हणजे आलेल्या टेपा ऐकल्या. जानेवारी २०१२मध्ये गोव्यात त्यांचं निधन झालं. त्याआधी डिसेंबर २०१०मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात ‘एनएचसेव्हन वीकेन्डर’ सुरू झाला होता आणि वर्षातले तीन दिवस का होईना, परक्यांची गाणी न वाजवता स्वतःची वाजवणाऱ्या भारतीय बँडांना हजारोंचा श्रोता मिळू लागला होता.

महोत्सव आले, मंच आले. लेखन मात्र आलं नाही. जे आलं त्यातलं बरंचसं प्रसिद्धीपत्रकाचं रूपांतर होतं. २०१९च्या अखेरीस बराक ओबामांच्या वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ आलं. गाणं २०१८चं. त्या यादीनंतर मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत ओबामा होते, यादी होती, अभिमान होता. गाण्यात काय आहे यावर दोन वाक्यं नव्हती. आपलं गाणं चांगलं आहे हे कळायला आपल्याला व्हाइट हाउसच्या माजी रहिवाशाची चिठ्ठी लागावी, हे मला बोचतं.

आणि हे अशा भाषेत, जिच्यात संगीतावर लिहिण्याची परंपरा आहे. केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावानं आपल्या काळातल्या, हयात, रोज मैफली करणाऱ्या गायकांवर लिहिलं. आवाज कसा लागतो, तान कुठून निघते, कुठं फसते, हे लिहिलं. वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि ‘घरंदाज गायकी’त त्यांनी घराण्यांचा जो ताळेबंद मांडला तो आजही वाचावा. या दोघांच्या गायकांना बिदागी मिळायची, दोघांना ऐकण्याची मिळत नव्हती. खर्च त्यांनी पदरचा केला.

त्यांच्याकडून इंडीच्या परीक्षकानं काय घ्यावं? पहिलं म्हणजे वर्णन. ‘हा बँड म्हणजे अमुक अधिक तमुक’ हे समीकरण मला सर्वांत आळशी वाटतं. ज्यानं अमुकही ऐकला नाही आणि तमुकही, त्या वाचकाला दाराबाहेर उभं करायची ती युक्ती आहे. त्यापेक्षा सांगा ना, की ड्रम दूरच्या खोलीत वाजवल्यासारखा येतो, गायिका ओळीचा शेवटचा शब्द गिळते, तिसऱ्या मिनिटाला बास एकटाच उरतो आणि गाणं तिथंच खऱ्या अर्थानं सुरू होतं. वाचकानं नंतर गाणं ऐकून म्हणावं, ‘बरोबर’ किंवा ‘साफ खोटं’. त्याला तपासता यावं, म्हणून लिहायचं.

दुसरं, गरिबी आणि आळस वेगळे ओळखायचे. घरच्या पलंगावर बसून, रजई टांगून केलेल्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर येते. ती गरिबी. गाण्याची तिसरी ओळ यमकासाठी रेटलेली आहे, तो आळस. पहिलीला माफी, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: महागडं मिश्रण ऐकून परीक्षक सुखावतो आणि शब्दांकडे कुणी बघत नाही. कौतुकाची आपली गावकी फार छोटी आहे. बँड, आयोजक, लिहिणारा, सगळे एकाच टेबलाशी चहा पितात, आणि मग प्रत्येक अल्बम ‘वर्षातला महत्त्वाचा’ ठरतो. दोन वर्षांनी त्या बँडला कळतं की कुणीच खरं बोललं नव्हतं.

एक उदाहरण देतो. मुंबईतल्या ‘स्वदेसी’ या बहुभाषी रॅप-गटानं २०१९मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं काढलं. आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात, एमसी मवाली मराठीत रॅप करतो. विषय जमिनीचा, जंगलाचा. यावर जे लिहिलं गेलं त्यातलं माझ्या वाचनात आलेलं बहुतेक त्या विषयावर थांबलं. विषय मोठाच आहे. पण मला विचारायचंय की भोईरांचा आवाज त्या यंत्रावर रचलेल्या ठेक्यात कसा बसतो? त्याला नुसतं तोरणासारखं दारावर बांधलंय की गाण्याचा भार तो उचलतो? मवालीची मराठी कुठल्या वस्तीची, तिचे आघात ठेक्यावर पडतात की ठेक्याच्या अलीकडे? भोळ्यांनी हेच विचारलं असतं. माझं उत्तर मी इथं देत नाही. आज घरी जाऊन ऐका आणि आपापलं लिहा.

तिसरं, निकालाची घाई नको. मी नव्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डला गुण, तारे, टक्के काहीही द्यायच्या विरुद्ध आहे. पाचव्या अल्बमवर बेशक धारेवर धरा. तोपर्यंत त्यांच्याकडे ढाल आलेली असते. पहिल्या वेळी, ही गाणी मी हेडफोनवर ऐकली की मोबाइलच्या कर्ण्यावर, किती वेळा, आणि कुठल्या गाण्यापाशी परत जावंसं वाटलं, एवढं लिहिलं तरी ते निकालापेक्षा जास्त कामाचं असतं.

बँडकँपसारखी जागा आज आहे, जिथं श्रोता थेट कलावंताकडून विकत घेतो. २० मार्च २०२० रोजी, करोनाची टाळेबंदी सुरू होत असताना, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला आणि त्या एका दिवसात श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. म्हणजे पैसे द्यायला लोक तयार आहेत. त्या जागेचेही मालक त्यानंतर दोनदा बदलले आणि निम्म्या माणसांची नोकरी गेली, हे सोबत सांगितलं पाहिजे. बाजाराच्या भरवशावर ऐकणाऱ्याचा पगार टिकत नाही, असा निदान आजवरचा अनुभव आहे. परवानाशुल्क आपल्याकडे नाही. व्याख्यानमाला आहेत, वाचनालयं आहेत, मंडळं आहेत.

म्हणून संयोजकांपुढे एक लेखी प्रस्ताव मी आजच ठेवला आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, याच सभागृहात, खुर्च्या कमी लावून. महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या, बेळगाव-इंदूर-बडोद्याच्या कुणाही अनोळखी मुलामुलीनं पाठवलेली चार गाणी चांगल्या स्पीकरवर पूर्ण वाजवायची. मध्येच बंद करायचं नाही. कोणती गाणी लावायची हे ठरवायला दर महिन्याला वेगळा माणूस, म्हणजे एकाच कानाची मक्तेदारी होणार नाही. त्या माणसाला मानधन द्यायचं; थोडं असलं तरी चालेल, पण फुकट नाही. ज्यांची गाणी लागतील त्यांनाही द्यायचं. ऐकणाऱ्यांपैकी ज्याला वाटेल त्यानं एक पानभर लिहायचं, नाव घालून, आणि ती पानं खालच्या वाचनालयात फाइलमध्ये लावायची, कुणालाही काढून वाचता येतील अशी. गुणांकन करायचं नाही, अशी एक अट मी प्रस्तावात घातली आहे. खजिनदारांनी अजून होकार दिलेला नाही. ते पहिल्या रांगेत बसले आहेत, प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनाही विचारा.